दोन नर, एक पिल्लू : पेंग्विन काय सांगतात, काय नाही

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून पुरुष माणसे गुजरातच्या बंदरांकडे निघतात. वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटींवर ती खलाशी म्हणून राबतात आणि मासेमारीचा हंगाम संपला की मे महिन्याच्या अखेरीस घरी येतात. काहींना त्याहून उशीर होतो. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या तुरुंगात अडकलेल्या खलाशांत या दोन तालुक्यांतलेही असतात. मधल्या आठ-नऊ महिन्यांत घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमागे, बोर्डीच्या किनाऱ्यालगत, तलासरीच्या पाड्यांवर तान्ही मुले वाढवतात ती आई आणि आजी, किंवा आई आणि मावशी. अंगणवाडीत बाळाला वजनकाट्यावर ठेवायला दोन बायका येतात. बाप समुद्रावर असतो. एकीने कामाला जायचे, दुसरीने बाळाकडे बघायचे, असा त्यांचा हिशेब असतो. या घरात काही अनैसर्गिक चालले आहे, असे गावात कुणाच्या मनातही येत नाही.

सुट्टीत याच भागातली कुटुंबे मुलांना घेऊन मुंबईला जातात, तेव्हा बेत ठरलेला असतो : भायखळ्याची राणीची बाग आणि तिथले पेंग्विन. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मुलाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, ‘यातली आई कोणती आणि बाबा कोणते?’ नुसते बघून त्याचे उत्तर देता येत नाही. हम्बोल्ट पेंग्विनचे नर आणि मादी दिसायला इतके सारखे असतात, की खात्री करायची तर पिसाची किंवा रक्ताची डीएनए चाचणी करावी लागते. कामावरूनही ओळखता येत नाही, कारण घरट्यातले जवळजवळ प्रत्येक काम दोघेही करतात. अंडे घालणे मात्र मादीकडेच.

जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतून अधूनमधून येणारी एक बातमी इथूनच समजून घ्यावी लागते : दोन नर पेंग्विनांनी जोडी जमवली, अंडे उबवले आणि पिल्लू वाढवले. ही बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘बघा, हे निसर्गातच आहे.’ दुसरा म्हणतो, ‘जनावरांचे दाखले माणसाला कशाला?’ दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि दोघांकडूनही मुद्द्याची गोष्ट निसटते.

भायखळ्याचे पाहुणे

राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली. उरलेले सात मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, फ्लिपर ही मादी आणि मिस्टर मोल्ट हा नर यांच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन म्हणून त्याचे कौतुक झाले. पण आठवड्याभरात ते गेले. पोटातला पिवळ्या बलकाचा साठा नीट जिरला नव्हता आणि यकृताचे काम बिघडले होते. २०२१ पासून मात्र तिथे पिल्ले जगू लागली आणि कुटुंब वाढले.

पेंग्विन म्हटले की बर्फ आठवतो, पण हम्बोल्ट हा बर्फातला पक्षी नाही. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो. त्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाचेच नाव या पक्ष्याला मिळाले. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे हे त्याचे मुख्य अन्न. एल निनोच्या वर्षी पाणी तापते, मासे खोल किंवा दूर जातात आणि पेंग्विनांची घरटी ओस पडतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही प्रजाती ‘असुरक्षित’ गटात आहे. प्राणिसंग्रहालयांना प्रत्येक अंड्याची काळजी का असते, हे त्यावरून कळेल.

एक घरट्यावर, एक समुद्रावर

हम्बोल्टची मादी साधारण दोन अंडी घालते. ती सुमारे चाळीस दिवस उबवावी लागतात. अंडे थंड पडू द्यायचे नाही, उन्हात तापू द्यायचे नाही आणि टपून बसलेल्या समुद्रपक्ष्यांच्या चोचीत जाऊ द्यायचे नाही. त्यामुळे घरटे एक क्षणही मोकळे सोडता येत नाही. पण उबवणाऱ्यालाही पोट असते आणि अन्न समुद्रात असते. यातून मार्ग एकच : एकाने घरट्यावर बसायचे, दुसऱ्याने समुद्रावर जायचे आणि परतल्यावर अदलाबदल करायची. पिल्लू बाहेर आल्यावरही सुरुवातीच्या दिवसांत त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. म्हणून पहारा चालूच राहतो, शिवाय दोघांनी मासे आणून, अर्धवट पचवून भरवायचे. असे दहा-बारा आठवडे चालते. समुद्रावर गेलेला जोडीदार परतलाच नाही, तर मागे राहिलेल्याला अखेर भुकेपोटी घरटे सोडावे लागते आणि ते घरटे बुडते.

अंटार्क्टिकच्या सम्राट पेंग्विनमध्ये तर अंडे उबवण्याचे सगळे काम नराचे. मादी अंडे घालून समुद्राकडे निघून जाते. नर दोन महिन्यांहून अधिक काळ ते अंडे पायांवर, पोटाच्या घडीखाली धरून उभा राहतो. या काळात तो काही खात नाही. मादी परतण्याआधी पिल्लू बाहेर आले, तर नर अन्ननलिकेत तयार होणारा दह्यासारखा स्राव त्याला भरवतो. ‘दूध पाजणारा बाप’ ही कविकल्पना नाही. आपल्या खिडकीतल्या कबुतरांतही नर आणि मादी दोघे असा स्राव पिल्लांना देतात.

यामागे एक संप्रेरक आहे, प्रोलॅक्टिन. आईच्या अंगावर दूध येण्यासाठी लागणारे संप्रेरक म्हणून डॉक्टर ते ओळखतात, पण ते पुरुषांच्या रक्तातही असते आणि पक्ष्यांत ते दोन्ही पालकांना घरट्याशी बांधून ठेवते. पेंग्विन अनेक दिवस समुद्रावर राहिला तरी त्याच्या रक्तातले प्रोलॅक्टिन खाली येत नाही, म्हणून तो पुन्हा घरट्याकडे वळतो. सम्राट पेंग्विनांत ज्यांचे पिल्लू मेले आहे असे काही पालक दुसऱ्यांचे पिल्लू पळवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रेंच संशोधकांनी अशा पालकांना ब्रोमोक्रिप्टिन दिले. प्रोलॅक्टिन कमी करण्यासाठी माणसांत वापरतात तेच हे औषध. पिल्ले पळवण्याचे प्रमाण घटले. पिल्लू पाहून कुशीत घ्यावेसे वाटणे ही ओढ नराच्या अंगातही तितकीच रुजलेली आहे, आणि समोरचे पिल्लू आपल्या रक्ताचे आहे की नाही याची खातरजमा ती करत नाही.

दोन नरांचे घरटे

आता नर-नर जोड्यांची गोष्ट फारशी चमत्कारिक वाटू नये. राणीच्या बागेतल्या हम्बोल्टचेच भाऊबंद जर्मनीतील ब्रेमरहाफेनच्या प्राणिसंग्रहालयात आहेत. तिथे काही जोड्यांची अंडी कधीच दिसत नव्हती. तपासणीत कळले, की त्या जोड्यांमधले दोघेही नर आहेत. प्रजाती धोक्यात, म्हणून २००५ च्या सुमारास स्वीडनहून माद्या आणल्या गेल्या. त्यावरून समलिंगी संघटनांनी निषेध केला. नरांनी त्या माद्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे २००९ मध्ये दुसऱ्या एका जोडीने नाकारलेले अंडे तिथल्या दोन नरांच्या घरट्यात ठेवण्यात आले. त्यांनी ते उबवले आणि पिल्लूही वाढवले.

सिडनीच्या मत्स्यालयातील स्फेन आणि मॅजिक ही जेंटू जातीची नरजोडी सर्वांत प्रसिद्ध. २०१८ च्या हंगामात दोघे एकमेकांना खडे आणून देऊ लागले. जेंटूंमध्ये ही घरटे बांधण्याची तयारी असते. कर्मचाऱ्यांनी आधी त्यांना खोटे अंडे दिले, ते ते नीट सांभाळतात का हे पाहिले आणि मग दोन अंडी असलेल्या जोडीचे एक खरे अंडे दिले. ऑक्टोबरमध्ये पिल्लू जन्मले, २०२० मध्ये दुसरे. ऑगस्ट २०२४ मध्ये स्फेन गेला. कर्मचाऱ्यांनी मॅजिकला त्याच्या मृतदेहाजवळ नेले, तेव्हा तो साद घालू लागला आणि बाकीच्या कळपानेही त्याला साथ दिली. अमेरिकेत सिराक्युसच्या प्राणिसंग्रहालयात एल्मर आणि लिमा या हम्बोल्ट नरांनी १ जानेवारी २०२२ रोजी असेच दत्तक अंड्यातून पिल्लू बाहेर काढले. ज्या जोडीचे ते अंडे होते, तिच्या घरट्यात याआधी अंडी फुटत असत.

या सगळ्या ठिकाणी कर्मचाऱ्यांनी अंडे कुणाला द्यायचे हे ठरवताना कोणती कसोटी लावली, ते पाहण्यासारखे आहे. जोडी घरटे राखते का, अंडे फिरवते का, पहाऱ्याची अदलाबदल वेळेवर होते का, एवढेच त्यांनी पाहिले. दोघे नर आहेत हे त्यांना ठाऊक होते. पण अंड्याचा जीव त्यावर अवलंबून नव्हता.

गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील रॉय आणि सायलो हे नर १९९८ च्या सुमारास एकत्र आले, त्यांनी आधी दगड उबवण्याचा प्रयत्न केला, मग मिळालेल्या अंड्यातून टँगो नावाचे पिल्लू वाढवले. त्यांच्यावर २००५ मध्ये लहान मुलांचे चित्रपुस्तक निघाले. अमेरिकेत ते अनेक वर्षे ग्रंथालयांतून काढून टाकण्याच्या मागण्यांच्या यादीत अग्रभागी राहिले. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने २०१४ मध्ये ते मुलांच्या विभागातून हलवले. पुस्तक आले त्या सुमारास रॉय-सायलोची जोडी मात्र तुटली होती आणि सायलो एका मादीबरोबर राहू लागला होता. पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्यांची पंचाईत झाली, विरोधकांना आनंद झाला. पेंग्विनांना दोन्हीचे काही नव्हते.

डॉक्टरने लपवलेली पाने

पेंग्विनांच्या वागण्याकडे आपण आपल्याच चष्म्यातून पाहतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका डॉक्टरचे आहे. कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत जॉर्ज मरे लेविक हे ब्रिटिश नौदलातील शल्यविशारद होते. १९११-१२ मध्ये केप अडेर येथे अ‍ॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीजवळ राहून त्यांनी एक संपूर्ण वीण-हंगाम टिपला. नरांचे नरांशी संबंध, मृत माद्यांशी संबंधांचे प्रयत्न, माद्यांवर आणि पिल्लांवर होणारी जबरदस्ती, असे बरेच त्यांना दिसले. त्यांना इतका धक्का बसला, की वहीतल्या काही नोंदी त्यांनी ग्रीक लिपीत केल्या, म्हणजे सामान्य वाचकाला त्या वाचता येऊ नयेत. परतल्यावर त्यांनी पेंग्विनांवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हे आले नाही. त्यावरचा वेगळा लेख १९१५ मध्ये शंभर प्रतींत छापला गेला, तोही ‘प्रकाशनासाठी नाही’ असा शिक्का मारून. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१२ मध्ये, तो एका शास्त्रीय नियतकालिकात खुला झाला.

लेविक यांचे निरीक्षण अचूक होते. घोटाळा अर्थ लावण्यात झाला. त्यांना त्यात नीतिभ्रष्टता दिसली. आजचे अभ्यासक सांगतात, की अननुभवी तरुण नरांना मिलनासाठी झुकलेली मादी आणि बर्फावर निपचित पडलेला मृत पक्षी यांतला फरक कळत नाही. एका सज्जन डॉक्टरने शरमेपोटी माहिती दडवली आणि विज्ञान त्या विषयात शतकभर मागे राहिले. आज उलटी चूक होते : कुणाला तरी हवी तेवढीच माहिती पुढे केली जाते.

असे का घडते?

प्राणिसंग्रहालयात निवडीला वाव कमी असतो, म्हणून तिथे नर-नर जोड्या होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. मोकळ्या निसर्गात काय घडते? दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलन बेटांवर संशोधकांनी राजा पेंग्विनांच्या प्रणयाराधन करणाऱ्या ५३ जोड्यांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक जोड्यांत दोघेही एकाच लिंगाचे होते. मात्र आराधन करणे वेगळे आणि जोडी टिकवणे वेगळे. समलिंगी जोडी टिकल्याची उदाहरणे थोडी होती. त्या वसाहतीत नरांची संख्या जास्त होती, हे एक कारण त्यांनी सुचवले.

याहून ठळक उदाहरण पेंग्विनांचे नाही, अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचे आहे. हवाईच्या ओआहू बेटावरील लेसन अल्बट्रॉसच्या वसाहतीत ३१ टक्के जोड्या मादी-मादी असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे माद्या जास्त, नर कमी. एकटीला पिल्लू वाढवणे अशक्य असते, म्हणून दोन माद्या एकत्र येतात; दुसऱ्या घरट्यातल्या नराकडून अंडे फलित होते आणि पुढचे सगळे त्या दोघी करतात. नर-मादी जोड्यांपेक्षा त्यांची पिल्ले कमी जगतात, पण एकटीच्या शून्यापेक्षा ती पुष्कळ. बोर्डीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या अमेरिकेतील एका भाऊबंदातही, कॅलिफोर्नियाच्या बेटांवर, १९७० च्या दशकात मादी-मादी जोड्यांची नोंद झाली होती.

म्हणजे चित्र असे दिसते : ज्या पक्ष्यांत पिल्लू जगवायला दोघे लागतातच, त्यांत जोडी जमवण्याची आणि अंडे सांभाळण्याची ओढ फार प्रबळ असते. ती बहुतेक वेळा नर-मादीत पूर्ण होते, कधी नर-नरात, कधी मादी-मादीत. निसर्गाने इथे कुणाला काही शिकवण्याचा विडा उचललेला नाही. पिल्लू जगले की त्याचा हिशेब पुरा होतो.

‘अनैसर्गिक’ या शब्दाचे काय?

हे सगळे माणसांच्या वादात येते ते एका शब्दामुळे. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधांना गुन्हा ठरवत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढले. तरीही शब्द रेंगाळत राहिला, आणि खेदाची गोष्ट अशी, की वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. ती बरी करण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले. आणि तरी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस त्याच आयोगाच्या सुधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या विषयाखाली स्त्रियांमधील समलैंगिकता ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत परतली. टीका झाल्यावर काही दिवसांत ती मार्गदर्शक तत्त्वे मागे घेण्यात आली.

पेंग्विनांचा उपयोग इथे आहे, आणि इथेच संपतो. समलिंगी संबंध निसर्गात आढळतच नाहीत, हे विधान ते खोटे ठरवतात. पण निसर्गात आढळते म्हणून ते योग्य, असे म्हटले तर लेविक यांच्या वहीतली बाकीची पानेही स्वीकारावी लागतील : जबरदस्ती, पिल्लांवरचे हल्ले, दुसऱ्याचे मूल पळवणे. आणि निसर्गात आढळत नाही म्हणून अयोग्य म्हटले, तर चष्मा, लस आणि सिझेरियनही सोडून द्यावे लागेल. माणसाच्या हक्कांचा आधार संविधान आहे आणि माणसाच्या मुलाचे हित कशात आहे याचा पुरावा माणसाच्याच मुलांत शोधायला हवा.

मुलाला काय लागते?

तो पुरावा आहे. सर्वांत आधी, बापाचे शरीरही बाळामुळे बदलते. फिलिपिन्समधील सेबू शहरात ६२४ तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन घटते आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलासाठी देतात त्यांच्यात ते सर्वांत कमी असते. इस्रायलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८९ नव्या पालकांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. त्यात आईशिवाय मूल वाढवणारे समलिंगी बाप होते. बाळाशी संबंधित प्रतिक्रिया देणारा मेंदूचा खोलवरचा भाग त्यांच्यात मातांइतकाच जागा झालेला आढळला. काळजी घेतल्याने काळजी घेण्याची यंत्रणा तयार होते, असा त्याचा अर्थ.

दुसरा पुरावा सरकारी रुग्णालयांच्या नवजात कक्षात रोज दिसतो. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीची जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत चाचणी घेतली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेल्या ३,२११ बाळांत, जन्मानंतर लगेच ही ऊब सुरू केली तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. ही ऊब मुख्यतः आईच देते. पण आई शस्त्रक्रियेनंतर पडून असेल, तर बाप, आजी, मावशी, कुणीही बाळाला छातीशी बांधू शकते. सम्राट पेंग्विनच्या पोटाच्या घडीपेक्षा हे वेगळे नाही. आईच्या दुधाला तोड नाही हे खरेच; पण ऊब, पहारा आणि वेळेवर भरवणे ही कामे वाटून घेता येतात.

तिसरा पुरावा थेट समलिंगी पालकांच्या मुलांचा. २०२३ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मुलांची मानसिक-सामाजिक वाढ, शारीरिक आरोग्य, शिक्षण यांत ही मुले इतर मुलांच्या बरोबरीने असल्याचे, काही बाबतींत थोडी सरस असल्याचे दिसले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१३ मध्ये हाच निर्वाळा दिला होता. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी : हे अभ्यास ज्या देशांत अशा नात्यांना कायद्याची मान्यता आहे, तिथले आहेत. भारतात त्यांचा जसाच्या तसा निष्कर्ष लावता येणार नाही. पण त्याच आढाव्याने धोक्याची जागाही दाखवली आहे. या कुटुंबांना त्रास होतो तो समाजाच्या हेटाळणीचा आणि आधाराच्या अभावाचा.

सही कुणाची?

भारतात आजची स्थिती काय? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. अविवाहित जोडप्यांना मूल दत्तक घेता यावे की नाही, यावर पीठ ३ विरुद्ध २ असे विभागले आणि बहुमत नियमाच्या बाजूने गेले. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याला दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक आयुष्य दाखवावे लागते. एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.

परिणाम असा, की दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मिळून मूल वाढवत असतील, तर कायद्याच्या दृष्टीने एक जण पालक आणि दुसरा परका. एरवी हे जाणवत नाही. मध्यरात्री मुलाचे आंत्रपुच्छ फुटते आणि कायदेशीर पालक परगावी असतो, तेव्हा जाणवते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही कुणी करायची? जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत आणि थांबूही नये. पण त्यानंतरचे निर्णय, माहिती, घरी सोडताना ताबा, प्रत्येक पायरीवर तो दुसरा माणूस ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नापुढे उभा असतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये समलिंगी जोडीदारांसाठी शिधापत्रिका, संयुक्त बँक खाते, नातेवाईक जवळ नसल्यास मृतदेहाचा ताबा अशा काही गोष्टी सोप्या करण्याच्या सूचना दिल्या. मुलाच्या पालकत्वाचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे.

या खटल्यात केंद्राने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते खोडून काढताना खेड्यात शेतावर काम करणाऱ्या स्त्रीचे उदाहरण दिले. ते मान्य करायला घोलवडच्या माणसाला दूर जावे लागत नाही. मूल कसे वाढते हे वाडीतल्या आणि पाड्यावरच्या माणसांना शहरापेक्षा अधिक ठाऊक आहे. बाप समुद्रावर किंवा वीटभट्टीवर असताना दोन बायकांनी, कधी बायको गेल्यावर बापाने आणि काकाने मुले वाढवलेली त्यांनी पाहिली आहेत. ही घरे आणि समलिंगी जोडप्याचे घर एकच नव्हे, हे उघड आहे. पहिल्या घरात नात्याला नाव आहे आणि गावाचा आधार आहे. दुसऱ्या घरात काळजी तीच असते, फक्त नाव आणि आधार नसतो.

या चर्चेत सगळ्यांच्याच हाती लागण्यासारखी एक गोष्टही आहे. केंद्र सरकारी नोकरीत आईला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, बापाला १५ दिवसांची. पंधरा दिवसांत बाळाला धरायला शिकता येते, वाढवायला नाही. खलाशी, वीटभट्टी कामगार, वाडीतले मजूर यांना तर तीही नाही. बाळंतिणीबरोबर रुग्णालयात आलेल्या बापाला आजही बहुतेक ठिकाणी कक्षाबाहेर उभे करतात आणि ‘बाईमाणूस कोण आहे?’ असे विचारतात. नर पेंग्विन अंडे उबवतो याचे कौतुक करणाऱ्या समाजाने निदान कांगारू पद्धतीसाठी बापाला आत बोलवावे, एवढे तरी व्हायला हरकत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, दाराशी एक खुर्ची ठेवावी लागते.

अंगणवाडीच्या वजनकाट्यावर बाळ ठेवले, की काटा फक्त ग्रॅम सांगतो. बाळाला कुणी भरवले, रात्री कोण जागले, कुणाच्या कुशीत ते झोपले, हे त्या ग्रॅममध्ये जमा झालेले असते. भरवणारे हात बाईचे होते की पुरुषाचे, हे त्यावरून ओळखता येत नाही. वजन घटले, तर त्या घरात हात कमी पडत आहेत का, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी आणि दवाखाने चालवणाऱ्यांनीही सुरुवात तिथूनच करावी.